इंजिनाचा दम कुठे गेला? कॉम्प्रेशन घटल्याचे निदान

मोटार चढावर दम टाकू लागते. सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, सिग्नलला उभी असताना थरथरते आणि अ‍ॅव्हरेज हळूहळू घसरत जाते. गॅरेजमध्ये मिस्त्री बॉनेट उघडतो, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबून आवाज ऐकतो आणि निकाल देतो : 'कॉम्प्रेशन गेले आहे, इंजिन खोलावे लागेल.' मोटारमालकाच्या कानी पडणाऱ्या वाक्यांपैकी हे बहुधा सर्वांत महागडे वाक्य असते.

हा निकाल चुकीचा असतोच असे नाही. मात्र तो अपुरा असतो. अंगात ताप आहे एवढे सांगून डॉक्टर थांबत नाही, तसेच कॉम्प्रेशन घटले आहे एवढ्यावर निदान संपत नाही. टॅपेटच्या फटीचे किरकोळ काम आणि संपूर्ण इंजिन उतरवून सिलिंडर बोअर करण्याचे काम, या दोन्हींच्या मुळाशी हेच एक लक्षण असू शकते. दोहोंच्या खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून विचारावयाचे प्रश्न तीन : दाब कोणत्या सिलिंडरमध्ये घटला, किती घटला आणि तो कोठून निसटतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इंजिनाचा एकही मोठा भाग न उघडता बऱ्याच अंशी मिळविता येतात.

दाब कशासाठी?

पेट्रोल इंजिनाचे काम चार टप्प्यांत चालते. पिस्टन खाली जाताना हवा व इंधनाचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन वर येताना ते दाबले जाते. ठिणगी पडताच ते पेटते व पिस्टनला खाली लोटते. अखेरीस जळलेला वायू बाहेर टाकला जातो. यातील दुसरा टप्पा म्हणजे कॉम्प्रेशन. एतिएन लेन्वार यांनी १८६० मध्ये बनविलेल्या गॅस इंजिनात हा टप्पाच नव्हता. मिश्रण न दाबताच पेटविले जाई आणि ते इंजिन गॅस पुष्कळ खाऊन शक्ती थोडी देई. पेटविण्यापूर्वी मिश्रण दाबले पाहिजे, हे तत्त्व आल्फाँस बो द रोशा यांनी १८६२ मध्ये मांडले आणि निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये ते चालत्या इंजिनात उतरविले. आजची पेट्रोल मोटारही त्याच तत्त्वावर धावते.

एक उदाहरण घेऊ. १,२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर १० असेल, तर पिस्टन तळाशी असताना वरची जागा सुमारे ३३३ घन सेंटीमीटर असते आणि पिस्टन माथ्याला पोहोचला की ती सुमारे ३३ घन सेंटीमीटर उरते. एवढ्या लहानशा जागेत कोंडलेल्या मिश्रणाला एखादी सूक्ष्म फट मिळाली, तरी ते तेथून वाट काढते.

ही गळती कोणत्या वेळी जाणवते, हे समजून घेण्याजोगे आहे. मिनिटाला ३,००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात दाबण्याचा एक टप्पा एक शतांश सेकंदात उरकतो. सेल्फ मारताना इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास फिरते. तेव्हा हाच टप्पा पंधरापट वेळ घेतो. निसटायला जितका वेळ अधिक, तितकी गळती अधिक. त्यामुळेच थोडे कॉम्प्रेशन घटलेली मोटार सुरू होताना आणि संथ गतीत कुरकुर करते. महामार्गावर मात्र बरी धावते. 'वेगात तर छान चालते' या समाधानात अनेक महिने निघून जातात, आणि तेवढ्यात लहान दोषाचा मोठा दोष होतो.

अ‍ॅम्बॅसॅडरसारख्या जुन्या मोटारींना पुढून हँडल मारून सुरू करण्याची सोय होती. हँडल फिरविणाऱ्याच्या मनगटाला प्रत्येक सिलिंडरचा जोर जाणवे. दोन फेऱ्यांतील चार उसळ्यांपैकी एखादी मऊ लागली, की तो सिलिंडर अशक्त झाल्याचे कळे. हँडल गेले आणि ही परीक्षाही गेली. आज तिची जागा गेजने घेतली आहे.

हवा निसटण्याच्या वाटा

सिलिंडरमधील दाब निसटण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट खाली जाणारी. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या, तुटल्या किंवा कार्बन साचून खाचेत अडकून बसल्या, अथवा सिलिंडरची भिंत घासली गेली, म्हणजे वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. पिस्टनला भोक पडणे हा याच वाटेवरील गंभीर प्रकार.

दुसरी वाट व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हचे तोंड जळाले, बैठकीवर कार्बन साचला, व्हॉल्व्ह वाकला किंवा टॅपेटची फट संपली, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाबतीत हे अधिक घडते. जळत्या वायूच्या झोतात राहणारा हा व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यत्वे बैठकीला टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. नीट टेकला नाही तर तो थंड होत नाही, आणि थंड झाला नाही की जळतो.

तिसरी वाट हेड गॅस्केटची. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधील ही पातळ पत्री फाटली, की वायू शेजारच्या सिलिंडरमध्ये, पाण्याच्या वाटेत, तेलाच्या वाटेत किंवा थेट बाहेर जातो. याचे नेहमीचे कारण म्हणजे इंजिन तापणे. अ‍ॅल्युमिनियमचे हेड अति तापल्यावर वाकते आणि गॅस्केटवरील पकड सैल होते. हेड किंवा ब्लॉकला तडा गेला, तरी लक्षणे जवळपास अशीच दिसतात.

या तीन वाटांखेरीज एक निराळा वर्गही आहे. त्यात हवा निसटत नाही. ती मुळात पुरेशी आत येत नाही किंवा पुरेशी दाबली जात नाही. टायमिंग बेल्ट वा चेन एखादा दात सरकणे, कॅमशाफ्टचा उंचवटा झिजणे, कनेक्टिंग रॉड वाकणे हे या वर्गातील दोष. यांचा विसर पडला, तर निदान हमखास फसते.

लक्षणे सूचना देतात, निकाल नव्हे

निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. पण तेल जळते म्हणून रिंगाच गेल्या, असे होत नाही. गाडी काही वेळ उभी राहून सुरू करताना एकदाच निळा भपका येत असेल, तर व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाल्याची शक्यता अधिक; त्यात कॉम्प्रेशन उत्तम असू शकते. वेग वाढविताना सतत निळा धूर आणि तेलाच्या झाकणातून वाफेसारखा जोरदार फुत्कार येत असेल, तर संशय रिंगांवर जातो. काळा धूर हा इंधन जास्त जात असल्याचा संकेत आहे. त्याचा कॉम्प्रेशनशी थेट संबंध लावू नये.

इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरी, गोडसर वासाची वाफ येणे, कूलंट बाहेर न सांडता कमी होत राहणे आणि रेडिएटरचे पाइप इंजिन सुरू होताच दगडासारखे घट्ट होणे, ही गॅस्केटची चिन्हे. तेलाला दुधाच्या चहासारखा रंग आला, तर त्यात पाणी मिसळले आहे. झाकणाच्या आतील बाजूला नुसता पिवळट फेस दिसला, तर मात्र घाई करू नये. पावसाळ्यात रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हवेतील आर्द्रतेनेही असा फेस धरतो.

नव्या मोटारींत संगणक ठरावीक सिलिंडरमध्ये ज्वलन चुकल्याची नोंद ठेवतो. पी ०३०१ ते पी ०३०४ या सांकेतिक क्रमांकांतील शेवटचा अंक सिलिंडरचा असतो. परंतु ज्वलन प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कशानेही चुकू शकते. स्कॅनर सिलिंडर दाखवितो. कारण दाखवीत नाही. म्हणून प्लग, कॉइल व इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहावेत. दोष त्यांच्याबरोबर हलला, तर इंजिन निर्दोष आहे. तो जागचा हलला नाही, तर गेज काढण्याची वेळ आली.

गेजची चाचणी

कॉम्प्रेशन गेज म्हणजे स्पार्क प्लगच्या जागी बसविता येणारा दाबमापक. चाचणी सोपी आहे. पण तिच्या अटी पाळल्या नाहीत, तर आकडे दिशाभूल करतात.

इंजिन नेहमीच्या तापमानाला आलेले असावे. बॅटरी पूर्ण चार्ज असावी. सेल्फ संथ फिरला, की सर्वच आकडे खाली येतात. इंधन पंपाचा फ्यूज काढून आणि इग्निशनची जोडणी सोडून इंधन व ठिणगी दोन्ही बंद करावीत. सीएनजीच्या मोटारीत गॅसचा व्हॉल्व्हही बंद करावा. उघड्या छिद्रांतून बाहेर येणारे मिश्रण पेटू नये, यासाठी ही खबरदारी अनिवार्य आहे. सर्व प्लग काढावेत आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून थ्रॉटल उघडे ठेवावे. थ्रॉटल बंद राहिले तर हवाच आत येत नाही, आणि चांगले इंजिनही आजारी दिसते.

यानंतर प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सहा ते आठ उसळ्या होईपर्यंत सेल्फ फिरवावा. सर्व सिलिंडरना उसळ्या सारख्याच द्याव्यात. पहिल्या उसळीचा आकडा आणि अखेरचा आकडा, दोन्ही लिहून ठेवावेत. निरोगी सिलिंडरमध्ये काटा पहिल्याच उसळीत अर्ध्याहून वर जातो आणि पुढील दोन-तीन उसळ्यांत स्थिरावतो. रिंगा झिजलेल्या असतील, तर तो खालून सुरू होऊन पायरी-पायरीने चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल, तर तो खालीच सुरू होतो आणि फारसा चढत नाही. अनुभवी मिस्त्री अखेरच्या आकड्याइतकेच काट्याच्या चालीकडे लक्ष देतो, ते यासाठीच.

आकडे कसे वाचावेत?

गेजवर आकडे सामान्यतः पीएसआय किंवा बारमध्ये असतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. पेट्रोल मोटारींत निरोगी आकडा इंजिनाच्या रचनेनुसार साधारण १२० ते २०० पीएसआयच्या दरम्यान असतो. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि तीच प्रमाण मानावी.

एकेका आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधील फरक अधिक बोलका असतो. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांहून खाली जाऊ नये, हा जुना व्यवहारी नियम. अनेक उत्पादक याहून कडक असतात आणि सिलिंडरमधील फरक सुमारे १ बारच्या आत असावा, अशी अपेक्षा ठेवतात.

समजा, चार सिलिंडरचे आकडे १७५, १७०, १७८ आणि १७२ आले. या इंजिनात कॉम्प्रेशनचा दोष नाही. थरथरीचे कारण अन्यत्र शोधावे. आकडे १७०, ९५, ९० आणि १७२ आले, तर शेजारचे दोन सिलिंडर एकदम घटले आहेत. दोघांमधील गॅस्केट फाटल्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा. १६८, १७२, ६० आणि १७० असे आले, तर दोष तिसऱ्या सिलिंडरपुरता आहे. आणि चारही आकडे ११० च्या आसपास सारखेच आले, तर चारही सिलिंडर एकाच वेळी एकाच मापाने झिजले असे मानण्यापूर्वी बॅटरी, थ्रॉटल आणि टायमिंग तपासावे. टायमिंग बेल्ट दात सरकला, की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी मिटतात आणि चारही आकडे मिळूनच खाली येतात. सेल्फ मारल्यावर नेहमीचा तालबद्ध आवाज न येता इंजिन एकसुरात भरभर फिरले, तर बेल्ट तुटल्याचीच शंका घ्यावी. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून ते वाकवतो.

आकडे वाचताना गावाची उंचीही ध्यानात घ्यावी लागते. उंचावर हवा विरळ असते आणि सिलिंडरमध्ये ती तितकीच कमी भरते. मुंबईत १८० पीएसआय दाखविणारे इंजिन सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात १६८ च्या आसपास आणि सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला १५३ च्या आसपास दाखवील. इंजिन तेच, त्याची प्रकृतीही तीच. बदलली आहे ती हवा. एका गावी घेतलेला आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशी ताडून पाहताना याचा विसर पडू नये.

चमचाभर तेलाची परीक्षा

ज्या सिलिंडरचा आकडा कमी आला, त्यात प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, सेल्फ थोडा फिरवून ते पसरू द्यावे आणि पुन्हा गेज लावावा. तेल रिंगा व भिंत यांमधील फट काही क्षण बुजविते. वरच्या उदाहरणातील ६० चा आकडा तेलानंतर १४० वर गेला, तर गळती रिंगांच्या बाजूने आहे. तो ६५ वरच अडला, तर रिंगांकडे बोट दाखविता येणार नाही. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट तपासावे. तेल व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत पोहोचत नाही, हे त्यामागील साधे तर्कशास्त्र.

या परीक्षेलाही मर्यादा आहेत. तेल जास्त पडले तर ते सिलिंडरमधील जागाच व्यापते आणि आकडा खोटा वाढतो. याउलट, पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यामुळे सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असेल, तर भिंतीवरील तेलाचा थर धुऊन जातो आणि धडधाकट इंजिनही कमी दाब दाखविते. तेथे हेच चमचाभर तेल उपाय ठरते. इंजिन सुरू होते आणि दोष पुन्हा दिसत नाही. डिझेल इंजिनात मात्र ही परीक्षा करू नये. तेथे दबलेल्या जागेत अवकाश इतका थोडा असतो की थोडे तेलही आकडा भलताच फुगविते, आणि दबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटूही शकते.

कान लावून ऐकण्याची चाचणी

गळतीची वाट निश्चित करणारी चाचणी म्हणजे 'लीक-डाउन'. यात इंजिन फिरवीत नाहीत. संशयित सिलिंडरचा पिस्टन दाबण्याच्या टप्प्याच्या अखेरीस माथ्यावर आणून ठेवतात; त्या वेळी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा ठरावीक दाबाने आत सोडतात. उपकरणावर दोन काटे असतात. पहिला १०० पीएसआय दाखवीत असताना दुसरा ९० दाखवीत असेल, तर गळती १० टक्के. पिस्टनवर चालणाऱ्या विमानांच्या इंजिनांची तपासणीही याच तत्त्वावर होते. तेथे सामान्यतः ८० पीएसआयची हवा सोडून किती टिकते ते नोंदवितात.

मोटारीच्या इंजिनात १० टक्क्यांपर्यंतची गळती चांगली समजतात. वापरलेल्या इंजिनात २० टक्क्यांपर्यंत चालवून घेता येते. ३० टक्क्यांपलीकडे दोष स्पष्ट आहे. रिंगांच्या टोकांमध्ये जाणीवपूर्वक ठेवलेली फट असल्यामुळे शून्य गळती कोणत्याच इंजिनात मिळत नाही, आणि तेलाच्या झाकणातून मंद फुसफुस आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

टक्केवारीहून मोलाचा असतो आवाज. हवा तेलाच्या झाकणातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून जोरात सूं करीत आली, तर दोष रिंगांचा वा पिस्टनचा. सायलेन्सरच्या टोकाशी ऐकू आली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा. एअर फिल्टरच्या बाजूने आली, तर इनटेक व्हॉल्व्हचा. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर गॅस्केट फाटले आहे किंवा तडा गेला आहे. शेजारच्या प्लगच्या छिद्रातून आली, तर दोन सिलिंडरमधील गॅस्केट गेले आहे. इंजिन न उघडता, केवळ कानाने एवढे निश्चित निदान देणारी दुसरी चाचणी नाही. हवा सोडताना पिस्टन माथ्यापासून जरा जरी सरकलेला असला, तरी क्रँकशाफ्ट झटक्याने फिरतो. त्यामुळे पाना लावून ठेवलेला नसावा आणि हात बेल्टपासून दूर असावेत.

गॅस्केटबाबत शंका उरली, तर रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या निळ्या द्रावणाची रासायनिक परीक्षा करतात. पाण्यात ज्वलनाचा वायू मिसळत असेल, तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावणाचा रंग पिवळा होतो. प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा सोडून पिस्टनचा माथा, भिंतीवरील ओरखडे आणि व्हॉल्व्हची कड प्रत्यक्ष पाहण्याची सोयही आता अनेक गॅरेजमध्ये आहे. चकचकीत धुतल्यासारखा दिसणारा पिस्टनचा माथा, तेथे कूलंट शिरत असल्याचे सांगतो.

आकडा कमी, पण गळती नाही

कधी कधी गेजवर एक सिलिंडर कमी येतो आणि लीक-डाउनमध्ये तोच सिलिंडर उत्तम ठरतो. हा विरोधाभास वाटतो. प्रत्यक्षात तो मोठा दुवा आहे. हवा निसटत नाही आणि तरीही दाब कमी आहे, याचा अर्थ ती आत पुरेशी येत नाही किंवा पुरेशी दाबली जात नाही. पहिल्या शक्यतेत कॅमशाफ्टचा झिजलेला उंचवटा व्हॉल्व्हला पूर्ण उघडू देत नाही. दुसरी शक्यता मुंबईसारख्या शहरात विशेष महत्त्वाची आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि रस्त्यांवरच्या असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यांतही तुंबलेल्या रस्त्यांवर मोटारी अडकण्याचे थांबलेले नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरले आणि इंजिन फिरविले, की पिस्टन पाण्यावर आदळतो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी काढून टाकल्यावर अशी मोटार सुरू होऊ शकते, चालूही लागते. पण वाकलेला रॉड आखूड झालेला असतो, पिस्टन पूर्वीच्या उंचीपर्यंत पोहोचत नाही आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन घटते. रिंगा व व्हॉल्व्ह शाबूत असल्याने गळती मात्र आढळत नाही. असा रॉड पुढे कधीतरी तुटून ब्लॉक फोडू शकतो. म्हणूनच पाण्यात बंद पडलेल्या मोटारीला सेल्फ न मारता ती ओढून न्यावी, प्लग काढून पाणी निघाल्याची खात्री करावी आणि मगच इंजिन फिरवावे. अनेक सामान्य विमा पॉलिसींत पाण्यामुळे इंजिनाचे झालेले असे नुकसान वगळलेले असते आणि त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हेही तपासून ठेवावे.

सीएनजी आणि डिझेल

सीएनजी हे कोरडे इंधन आहे. व्हॉल्व्ह आणि बैठक यांच्यावर पेट्रोलच्या ओलाव्याचा जो थोडा आधार असतो, तो येथे मिळत नाही. बैठक झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट पुरती संपली, की तापलेला व्हॉल्व्ह मिटतच नाही. या अवस्थेत दोष लवकर सापडला, तर फट पुन्हा जुळविण्याने काम भागते. दुर्लक्ष झाले, तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावे लागते. ज्या इंजिनांत टॅपेटची फट हाताने जुळवावी लागते, त्या सीएनजी मोटारींत कॉम्प्रेशनची तक्रार आल्यावर सर्वप्रथम ही फट मोजावी.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. दबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे तेथे कॉम्प्रेशन घटणे म्हणजे प्रज्वलनाचा आधारच जाणे. थंड इंजिन सुरू न होणे, सुरू होताना पांढरा धूर ओकणे आणि तापल्यावर सुरळीत चालणे, ही त्याची खूण. ग्लो प्लग बिघडल्यासही असेच दिसते, म्हणून ते आधी तपासावेत. डिझेलचे आकडे साधारण ३०० ते ४५० पीएसआयच्या घरात असतात. पेट्रोलचा गेज त्यासाठी कधीही वापरू नये. तो फुटून इजा होण्याचा धोका असतो.

दुरुस्तीचा निर्णय

निदान स्पष्ट झाले, की दुरुस्तीची व्याप्तीही स्पष्ट होते. टॅपेटची फट आणि टायमिंग ही इंजिन न उतरविता होणारी कामे. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट असेल, तर हेड उतरवावे लागते, पण ब्लॉक जागेवर राहतो. हेड उतरविल्यावर सरळ पट्टी व फीलर गेजने त्याची सपाटी मोजून घ्यावी. लहान मोटारींत कमाल वाक अनेकदा ०.०५ मिलिमीटरइतकाच मान्य असतो. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसविणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करण्याची तयारी. बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत.

रिंगांचा दोष निघाला, तरच इंजिन पूर्ण खोलण्याचा प्रश्न येतो. तेथेही सिलिंडरचा व्यास, त्याचा निमुळतेपणा आणि गोलाई मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये. भिंत मर्यादेत असेल, तर होनिंग करून नव्या रिंगा पुरतात. ती मर्यादेबाहेर झिजली असेल, तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. झिजलेल्या, अंडाकृती झालेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालण्याची काटकसर काही महिन्यांतच अंगाशी येते.

मालकाने काय मागावे?

मोटारमालकाला गेज हाती धरता आला नाही तरी चालेल. त्याने कागद मागावा. त्यावर चारही सिलिंडरचे कोरडे आकडे, कमी आलेल्या सिलिंडरचा तेलानंतरचा आकडा, शक्य असल्यास गळतीची टक्केवारी आणि हवा कोठून आली ते लिहिलेले असावे. सोबत तारीख आणि मोटारीचे किलोमीटर असावेत. दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करून नवे आकडे त्याच कागदावर लिहून घ्यावेत. काम झाले की नाही, याचा तोच पुरावा.

जुनी मोटार विकत घेतानाही ही चाचणी करून घेणे शहाणपणाचे. रंग, सीट आणि टायर यांवरून मोटारीचे वय झाकता येते. चार सिलिंडरचे चार आकडे झाकणे त्या मानाने कठीण. निष्णात मिस्त्री आकडे मागितल्याने रागावत नाही, कारण तो स्वतः त्यांच्यावाचून पाना उचलत नाही. आणि 'आकड्यांची गरज नाही, आवाजावरून कळते' असे उत्तर मिळाले, तर इंजिन खोलू देण्यापूर्वी दुसऱ्या गॅरेजचे मत घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.